मुळशी किती अक्षरी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'मुळशी' हा शब्द किती अक्षरी आहे? पहिलीतल्या मुलाला विचारा. तो बोटांवर मोजून सांगेल, तीन. मु, ळ, शी. व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींना विचारा. ते म्हणतील, अक्षरे तीन हे खरे, पण वर्ण सहा: म् आणि उ, ळ् आणि अ, श् आणि ई. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर तो पाच म्हणतो. म, मग उकार, मग ळ, मग श आणि शेवटी वेलांटी. इथवर ठीक आहे. मोजण्याची ज्याची त्याची रीत असते. पण संगणक पुढे जाऊन असेही म्हणतो, की या पाचांपैकी अक्षरे तीनच. उकार आणि वेलांटी ही अक्षरे नव्हेतच. म्हणून 'मुळशी' हा शब्द काही फक्त अक्षरांचा बनलेला नाही!

हे ऐकून हसू येईल. पण ज्याला संगणकावर अर्ज भरावा लागतो, त्याला या उत्तराची किंमत मोजावी लागते. अर्जातल्या नावाच्या रकान्यावर एक पहारेकरी बसवलेला असतो. नावाच्या जागी कुणी फोन नंबर लिहू नये, मध्येच टिंबे, तारे, कंस टाकू नयेत, म्हणून आलेला मजकूर 'फक्त अक्षरांचाच आहे ना' हे तो तपासतो. हे काम वाटते सोपे. इंग्रजीपुरते ते सोपे आहेही. जगातल्या इतर भाषांत मात्र ते भल्याभल्यांना जमलेले नाही. का जमले नाही, याला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्या पुणे जिल्ह्यात घडलेला आहे.

मुळशीचेच उदाहरण मी का घेतले? एक तर मी याच तालुक्यात शिक्षक म्हणून आयुष्य काढले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ज्या हिंजवडीचे नाव संगणकाच्या धंद्यामुळे जगभर गेले, ती हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तिथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे केले, शेजारच्या माणपर्यंत ते पसरले, आणि हजारो तरुण तिथे रोज संगणकाच्या आज्ञा लिहितात. नावाच्या रकान्यावर पहारेकरी बसवण्याचे काम अशाच तरुणांच्या हातून होते. त्यांच्या कचेरीबाहेरच्या पाटीवर 'हिंजवडी' असे लिहिलेले असते. ती पाटी त्यांच्याच पहारेकऱ्यापुढे धरली तर तो ती आत सोडेल का, हा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत असे एक कोष्टक प्रसिद्ध झाले, त्याचे नाव 'ॲस्की'. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत त्यात इंग्रजीची लहान अक्षरेही आली. एकूण जागा १२८. मोठ्या लिपीतल्या 'ए'चा क्रमांक ६५, 'झेड'चा ९०. लहान लिपीची अक्षरे ९७ ते १२२. मग एखादे चिन्ह अक्षर आहे की नाही हे पाहायचे असेल तर त्याचा क्रमांक या दोन पट्ट्यांत बसतो का एवढेच बघायचे. झाले काम. १९७० च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये 'सी' ही संगणकभाषा तयार झाली आणि तिच्या भात्यात 'इज-अल्फा' नावाची एक आज्ञा आली. अल्फा म्हणजे अक्षर. 'हे अक्षर आहे काय?' असे विचारायचे, ती हो किंवा नाही म्हणणार. पुढच्या अनेक संगणकभाषांनी ही आज्ञा, तिच्या नावासकट, उचलली.

या आज्ञेच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. भाषेत मोजकी अक्षरे असतात, ती एकापुढे एक सुटी मांडली की शब्द होतो, आणि प्रत्येक चिन्ह आपल्या पायावर स्वतंत्र उभे असते. इंग्रजीला हे चालते. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश लोकांची लगेच पंचाईत झाली, कारण त्यांच्या अक्षरांवर टिंबे आणि तिरक्या रेघा असतात आणि ॲस्कीच्या ५२ अक्षरांत त्यांना जागा नव्हती. पण ती अडचण यादी वाढवून सुटण्यासारखी होती. आपली अडचण यादीची नव्हती, रचनेची होती.

ही रचना किती जुनी आहे ते पाहायला मुळशीकरांना लांब जावे लागत नाही. शेजारच्या मावळ तालुक्यात कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी, काही यवनही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लेख. त्या लेखांत व्यंजनाला एक आकार आहे आणि त्याला चिकटलेली बारीक रेघ स्वर दाखवते. रेघ वर गेली की एक स्वर, खाली गेली की दुसरा. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार ही आपली व्यवस्था तेव्हाही हीच होती. पाथरवटाने नाव कोरताना व्यंजन वेगळे आणि मात्रा वेगळी असा भेद मानला नाही. त्याच्या लेखी 'शी' हे एक अक्षर होते. पहिलीतला मुलगा आजही तेच म्हणतो.

मात्रा हे सुटे चिन्ह आहे की अक्षराचा भाग, हा पेच पहिल्यांदा पडला तो छापखान्यात. मराठीचे व्याकरण १८०५ साली विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापले, ते देवनागरी खिळ्यांनी. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्याची कीर्ती देशभर झाली. पण इंग्रजी जुळाऱ्यापुढे खिळ्यांचे जेवढे खण असत, त्याच्या कितीतरी पट खण मराठी जुळाऱ्यापुढे असत. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, अर्ध्या अक्षरांचे वेगळे, मात्रांचे वेगळे. काही पद्धतींत अक्षर आणि मात्रा मिळून एकच अखंड खिळा. काहींत मात्रेचा छोटा तुकडा अक्षराच्या वर किंवा खाली बसवायचा. जुळाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मात्रेचा खिळा सुटा असला, तरी तो एकटा कधीच छापला जात नाही.

खिळे कमी करावेत म्हणून लिपीसुधारणेच्या चळवळी झाल्या. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली: इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरे ठेवण्यापेक्षा 'अ'लाच वेलांट्या आणि उकार द्यावेत, म्हणजे अि, अी, अु, अू. त्या काळातली काही मासिके या पद्धतीने छापलीही जात. ती सर्वत्र रुजली नाही. पण तिच्या मागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. स्वर दाखवण्याचे खरे काम मात्रा करते, हे सावरकरांनी गृहीत धरले होते. टंकलेखन यंत्र आले तेव्हा त्याच्या कारागिरांनी आणखी एक तोड काढली. काही मात्रांच्या कळा अशा बसवल्या, की त्या दाबल्या तरी यंत्राची गाडी पुढे सरकत नसे. मात्रा छापली जाई, पण ती वेगळी जागा खात नसे. लोखंडाच्या त्या यंत्राला जे समजले होते, ते संगणकाला शिकवायचे राहिले होते.

ते शिकवण्याचे मोठे काम झाले आपल्या पुण्यात. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम 'जिस्ट' या नावाने तिच्याकडे आले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, छापखान्याची: प्रत्येक आकाराला एक क्रमांक. दुसरी, बाराखडीची: व्यंजनाला एक क्रमांक, प्रत्येक मात्रेला एक आणि पाय मोडण्याच्या चिन्हाला एक, मग उच्चाराच्या क्रमाने ते लिहीत जायचे आणि पडद्यावर आकार जुळवण्याचे काम यंत्राने करायचे. त्यांनी दुसरी वाट धरली.

ही निवड फार शहाणपणाची होती. बाराखडी ही मराठीची एकटीची नाही. कन्नड, तेलुगू, गुजराती, बंगाली, तमिळ या सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. म्हणून सर्व लिप्यांत 'क'ला एकच क्रमांक देता आला. बेळगावच्या पाटीवर मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरे दिसायला कितीही निराळी असोत, आतल्या कोष्टकात ती एकाच जागी बसली. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली हे कोष्टक आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केले. त्याचे नाव 'इस्की'.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच मोठ्या कोष्टकात जागा द्यायची, हा तिचा संकल्प. भारतीय लिप्यांसाठी युनिकोडने इस्कीची १९८८ ची मांडणी आधाराला घेतली. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा मिळाल्या. 'मुळशी' युनिकोडमध्ये असे लिहिले जाते: २३५०, २३६९, २३५५, २३५८, २३६८. पहिला आकडा म, दुसरा उकार, तिसरा ळ, चौथा श, पाचवा वेलांटी. हिंदीत एरवी न लागणारा आपला ळही त्यात मानाने बसला आहे.

इथपर्यंत सगळे उत्तम. घोळ झाला तो पुढच्या पायरीवर. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला क्रमांकाबरोबर एक जातही दिली. अक्षर, अंक, विरामचिन्ह, अशा मोठ्या जाती. त्यात आणखी एक जात आहे, दुसऱ्याला चिकटून राहणाऱ्या खुणांची. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडण्याची खूण हे सगळे या जातीत गेले. तर्काने पाहिले तर यात चूक काही नाही. ही चिन्हे एकटी उभी राहत नाहीत, हे खरेच आहे. पण 'इज-अल्फा'ची जुनी आज्ञा जेव्हा युनिकोडला जुळवून घेण्यात आली, तेव्हा अनेक ठिकाणी तिने फक्त 'अक्षर' ही जात पाहिली आणि खुणांना बाहेर ठेवले. आज सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या पायथन या संगणकभाषेत ही आज्ञा अशीच चालते. तिला 'मुळशी' दिला की ती नाही म्हणते.

आता गंमत पाहा. 'शरद' हे नाव या चाळणीतून पार होते, कारण त्यात मात्रा नाही. 'शारदा' अडकते. 'आई' पार होते, कारण आ आणि ई ही स्वतंत्र अक्षरे आहेत. 'बाबा' मात्र दोन कान्यांमुळे बाहेर. 'ॐ' हे चिन्ह युनिकोडने अक्षर मानले आहे, म्हणून त्याला प्रवेश आहे, आणि 'राम' दाराबाहेर उभा. आमच्या तालुक्याचे म्हणाल, तर तालुक्याचे ठिकाण पौड, माण, लवळे, पिरंगुट, हिंजवडी, ताम्हिणी, म्हाळुंगे, यांतले एकही गाव पार होत नाही.

ही अडचण जाणवल्यावर दुसरी चाळणी आली. युनिकोडने 'वर्णमालेत मोडणारे' असा एक अधिक उदार गुण ठरवला आहे. त्यात काना, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना घेतले आहे. जावा या संगणकभाषेत २०११ पासून दोन्ही चाळण्या शेजारी शेजारी मिळतात, जुनी आणि उदार. या उदार चाळणीतून पौड पार होते, पिरंगुट पार होते, मुळशी आणि हिंजवडीही पार होतात. पण ताम्हिणी अडते! कारण 'म्हि'मध्ये म-चा पाय मोडलेला आहे आणि पाय मोडण्याची खूण या उदार यादीतही नाही. ती खूण कोणता ध्वनी दाखवत नाही, उलट 'अ' काढून टाकते, तेव्हा तिला वर्ण कसे म्हणावे, असा त्यामागचा विचार. तर्क बिनतोड आहे. पण जोडाक्षराशिवाय मराठी कुठे चालते? 'महाराष्ट्र' हाच शब्द घ्या.

आपल्यासारखीच गत इतरांचीही आहे. थाई लिपीत काही स्वर व्यंजनाच्या पुढेमागे लिहितात, काही वर किंवा खाली. पुढेमागे येणारे स्वर युनिकोडमध्ये अक्षरे ठरले आणि वरखाली येणारे खुणा. म्हणजे एकाच भाषेतले सख्खे भाऊ दोन जातींत वाटले गेले. अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा एरवी लिहितच नाहीत, म्हणून रोजचा अरबी मजकूर सुटतो; मुलांच्या पुस्तकातला, खुणा दिलेला मजकूर अडकतो. कोरियन लोकांनी वेगळा मार्ग काढला. त्यांची लिपीही आपल्यासारखी, सुटे ध्वनी एकत्र बांधून अक्षर करणारी. १९९६ च्या युनिकोड आवृत्तीत त्यांनी शक्य असलेली सर्व, म्हणजे ११,१७२ बांधलेली अक्षरे एकेका क्रमांकाने नोंदवून घेतली. त्यामुळे कोरियन नाव चाळणीतून बिनघोर जाते. आपली मांडणी काटकसरीची, त्यांची ऐसपैस. काटकसर हा काही दोष नव्हे. मात्र जो तपासतो त्याला ती कळली पाहिजे.

मग अक्षर म्हणजे नेमके काय, हे ठरवायचे कोणी? कधी कधी आपण स्वतःही ठरवतो. 'ॲ' हे अक्षर पाहा. ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स हे शब्द आपण कित्येक वर्षे लिहीत आलो. पण युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतःची जागा २००८ साली मिळाली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रमाण मराठी वर्णमाला जाहीर केली, तीत ॲ आणि ऑ यांना रीतसर स्वरांत घेतले. १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही दोन विशेष संयुक्त व्यंजने, एकूण ५२. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे धरून ॲस्कीतही ५२ च. योगायोग आहे, पण मोठा बोलका. ॲस्कीच्या ५२ अक्षरांनी इंग्रजी लिहून होते. आपल्या ५२ वर्णांची नुसती यादी हाताशी धरून मात्र 'मुळशी' लिहिता येत नाही, कारण त्या यादीत बाराखडी नाही.

याचे परिणाम कागदावर दिसतात. निवृत्तीनंतर मी गावातल्या लोकांना संगणकावर अर्ज भरायला मदत करतो. एकदा एका कार्यालयाचा अर्ज होता आणि नाव होते शेजारच्या एका आजींचे. नावात एक जोडाक्षर, दोन काने. नाव लिहिले की लाल अक्षरांत सूचना यायची: 'कृपया फक्त अक्षरे लिहा.' तीनदा लिहिले, तीनदा तेच. आजी शेजारी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं नाव खोटं हाय का काय?" त्यांना काय सांगणार, की तुमच्या नावातला काना हे अक्षर नव्हे? शेवटी नाव रोमन लिपीत लिहिले, आणि ते लगेच स्वीकारले गेले.

खरे नुकसान इथे सुरू होते. मराठी नाव नाकारले गेले म्हणून अर्ज थांबत नाही. माणूस मुकाट्याने रोमन लिपीकडे वळतो. रोमन लिपीत 'काळे' आणि 'काले' दोन्ही के-ए-एल-ई असे होतात. 'मुळशी' लिहिले की ळ जातो, आणि तेच परत देवनागरीत आणले की 'मुलशी' होऊन येते. सातबाऱ्यावर नाव एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या, ओळखपत्रावर तिसऱ्या. ज्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, तिथे नावातल्या एका अक्षराचा फरक म्हणजे कचेरीचे हेलपाटे. कुठे प्रतिज्ञापत्र द्या, कुठे राजपत्रात नाव छापा, कुठे साक्षीदार आणा.

आणि आमच्या तालुक्याला नावाची किंमत इतरांपेक्षा थोडी जास्त कळते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तीन वर्षे लोक झगडले. धरण झालेच, आणि मुळा नदीच्या खोऱ्यातल्या अनेक गावांच्या जुन्या जागा पाण्याखाली गेल्या. घरे गेली, शेते गेली, देवळे गेली. जे उरले ते कागदपत्रांत: वतनाच्या मोडी कागदांत, महसुलाच्या नोंदींत, गावांची आणि माणसांची नावे. ते कागद आता संगणकावर चढवले जात आहेत. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे. आता ती नावे शोधताना संगणकाने काना-मात्रा झटकून टाकल्या तर काय होईल? हे काल्पनिक नाही. पायथनमध्ये मजकुराचे शब्द वेगळे करण्याची जी सर्रास वापरली जाणारी खूण आहे, ती मात्रेपाशी शब्द तोडते. 'मुळशी'चे दोन तुकडे होतात, 'म' आणि 'ळश'. असे तुकडे करून ठेवलेल्या दप्तरात पुढचा अभ्यासक मुळशी शोधायला गेला, तर त्याला ती सापडायची नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पहारेकरीच काढून टाका. मला ते पटत नाही. पहारा लागतो. आपल्याकडे टंकलेखन यंत्राच्या सवयीने पुष्कळ लोक विसर्गाच्या जागी दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह टाकतात. दिसायला 'दुःख' सारखेच दिसते, पण संगणकाला ते वेगळे असते आणि शोधताना सापडत नाही. रशियन लिपीतला 'ए' आणि इंग्रजी 'ए' डोळ्यांना एकच दिसतात, त्याचा फायदा भामटे घेतात आणि नामांकित संस्थांसारखे दिसणारे खोटे पत्ते तयार करतात. तेव्हा तपासणी हवीच. ती आपल्या लिपीचे नियम जाणणारी हवी, एवढेच म्हणणे आहे.

हे नियम अवघड आहेत का? मुळीच नाहीत. पहिलीच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो तेच आहेत. अक्षराची सुरुवात स्वराने किंवा व्यंजनाने होते, मात्रेने कधीच होत नाही. व्यंजनाचा पाय मोडला की त्याला पुढचे व्यंजन जोडता येते. व्यंजनाला एक मात्रा लागते, दोन नाहीत. त्यानंतर हवा तर अनुस्वार किंवा विसर्ग. संपले. म्हणजे हे चिन्ह यादीत आहे का, एवढे विचारून भागत नाही. हे चिन्ह आपल्या जागी आहे का, असे विचारावे लागते. नुसत्या यादीत खुणांनाही घेतले, तर तीन वेलांट्या आणि दोन उकार लागोपाठ लिहिलेले काहीबाहीदेखील पार होईल. २०१४ पासून इंटरनेटवरचे पत्ते '.भारत' असे देवनागरीत घेता येऊ लागले. त्या पत्त्यांसाठी असे क्रमाचे नियम करावेच लागले, आणि मात्रेने सुरू होणारा पत्ता तिथे चालत नाही. म्हणजे हे करता येते, आणि झालेलेही आहे.

दोन बारीक गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे आपला मराठीचा खास अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे ताम्हिणी घाटात दिसतात त्या. हा र काही कळफलकांवर एका अदृश्य जोडखुणेने लिहिला जातो, तर काहींवर टिंब असलेल्या ऱ-ने. अदृश्य खूण 'अक्षर नाही' म्हणून छाटली, तर दरीचा समुद्र होतो. दुसरी गोष्ट, नाव म्हणजे फक्त अक्षरे नव्हेत. आमच्याकडे 'कासार आंबोली' हे गाव आहे, त्याच्या मधोमध मोकळी जागा आहे. आद्याक्षरांनंतर टिंब येते. आयरिश आडनावात वर स्वल्पविरामासारखी खूण असते. हे सगळे नावाचेच भाग आहेत.

म्हणून हिंजवडीच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना मी एकच साधी चाचणी सुचवत असतो. नावाच्या रकान्यावर पहारेकरी बसवलात की त्याच्यापुढे आपल्या तालुक्यातली नावे धरा. 'माण' अडले तर त्याला काना माहीत नाही. 'पिरंगुट' अडले तर वेलांटी, अनुस्वार, उकार यांपैकी काहीतरी माहीत नाही. 'ताम्हिणी' आणि 'म्हाळुंगे' अडली तर जोडाक्षर माहीत नाही. 'दऱ्या' अडल्या तर मराठीचा र माहीत नाही. 'कासार आंबोली' अडले तर गावाचे नाव दोन शब्दांचे असू शकते, हेच माहीत नाही. आणि वेलांटीने सुरू होणारा निरर्थक शब्द जर पार झाला, तर त्याला काहीच माहीत नाही. या चाचणीला पाच मिनिटे लागतात. ज्यांनी ती करून पाहिली आणि आपल्या आज्ञेत एक ओळ बदलली, अशी दोन-तीन मुले मला भेटली आहेत. बाकीच्यांनीही करून पाहावी, आणि सुरुवात आपल्या बसथांब्यावरच्या पाटीपासून करावी.